म्हसोबाच्या खिंडीतला नैवेद्य

"हौशे, उद्या तांबडं फुटायच्या आत भाकऱ्या टाक. सर्जा खिंडीतनं जाणार हाय."

मामा सैपाकघराच्या दारात उभा राहून हे बोलला आणि माझ्या हातातली फुंकणी चुलीत पडली. पलीकडं आई दळत होती. तिचं जातं थांबलं.

"आपला सर्जा?" आईनं विचारलं.

"न्हाय, जहागीरदाराचा. आपलाच की गं, यमे! पोरांची शेवटची मोठी चाल सुरू झालीया. पाठीवर वझं, हातात बंदूक, आन् डोंगरा-डोंगरानं चालत नदीवरच्या पुलाला पोचायचं. पुलाला पाय लागला की शिपाई झाला."

सर्जा म्हणजे माझा थोरला भाऊ. वडील गेल्यावर आई आम्हा दोघांना घेऊन तिच्या भावाकडं आली, आणि त्या घरात आम्ही वाढलो. मामा म्हणजे रंगराव हवालदार. इटलीपर्यंत जाऊन आलेला, आता पेन्शनीत. त्याच्या मिशा अशा की दोन टोकांना दोन पोरं लोंबकळली तरी तो मधून आरामात विडी ओढायचा. मी स्वतः लोंबकळलेली आहे. इटलीत म्हणे त्यांची पलटण चालता चालता झोपायची, पुढच्याच्या पाठीवरच्या पिठ्ठूचा पट्टा धरून. एकदा सगळ्यात पुढचाच झोपला, आणि अख्खी पलटण एका पाद्र्याच्या द्राक्षाच्या मळ्यात शिरली. जाग आली तर सगळ्यांची तोंडं द्राक्षांनी भरलेली आणि पाद्री छडी घेऊन उभा. ही गोष्ट मामाची. मी त्यात फक्त पाद्री घातला.

सर्जाला पलटणीत धाडलं तेही मामानंच. त्याला चालायला शिकवलं तेही त्यानंच. पिठाच्या पिशवीत वाळू भरून पोराच्या पाठीवर बांधायची आणि डोंगराला पिटाळायचं. आमचा डोंगर म्हणजे असा उभा, की चढणाऱ्या शेळीला पुढच्या शेळीचं पोट दिसायचं. सर्जा बुटका, पण पायानं चिवट. तो वाळू घेऊन वर जायचा आणि येताना करवंदं घेऊन यायचा. मला अर्धी, आईला अर्धी. मामाला देठं.

"आण्णा, वाटंत धरला तर?" आईनं विचारलं. ती मामाला आण्णा म्हणायची.

"तर मग अवघड. त्यांना शिकवनारं उस्तादच दंडाला लाल फडकं बांधून दुश्मन हुत्यात आन् डोंगरात दबा धरत्यात. धरलं की सगळी टोळी परत पयल्या जागेवर. सगळं पुन्यांदा चालायचं. आन् टोळीचा म्होरक्या जातो खालच्या तुकडीत. त्याची कसम-परेड सा म्हयनं पुढं."

"म्होरक्या कोण हाय?"

मामानं मिशीला पीळ दिला. "सर्जा."

आईनं पदरानं डोळे पुसले. रडत नव्हती; तेव्हा तिला डोळे पुसायची सवयच लागली होती. तिच्या डोळ्यांत काचबिंदू. साताऱ्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत दिसंल, पुढचं मी सांगू शकत नाही. आणि सर्जाची कसम-परेड दिवाळीच्या आधीच होती. बँड वाजतो, झेंडा येतो, पोरं झेंड्यावर हात ठेवून शपथ घेतात. आईला तेवढं एकदा बघायचं होतं. त्यासाठी हिरवं लुगडं घडी घालून ठेवलं होतं आणि रोज ते उन्हात धरून बघायची, आज किती हिरवं दिसतंय ते.

"पर म्हसोबापाशी कुनी कुनाला धरत न्हाय," मामा म्हणाला. "त्यो आपला ठरलेला रिवाज हाय."

तो रिवाज सांगते. चालणाऱ्या पोरांनी गावात शिरायचं नाही, कुणाचं खायचं नाही, असा हुकूम असायचा. पण आमच्या खिंडीत शेंदूर फासलेला म्हसोबाचा धोंडा. चाल सुरू झाली की गावातल्या बाया म्हसोबाला नैवेद्य दाखवायच्या. एरवी वर्षभर त्या म्हसोबाला कुणी हिंग लावून विचारत नसे, आणि त्या आठवड्यात बघावं तर त्याच्यापुढं भाकऱ्यांचा ढीग! पोरं यायची, हात जोडायची, आणि प्रसाद उचलायची. देवाचा प्रसाद खाऊ नका असं कुठला उस्ताद म्हणेल? ते सगळे आपल्या काळात तिथंच जेवलेले. मामासुद्धा.

"तुझीच भाकरी ठेव," मामा मला म्हणाला. "कारळ्याची चटणी कर. आन् मधी अंगठा दाबायला इसरू नगो."

हे अंगठ्याचं असं होतं. मामाची तीन पोरं हादडायला वस्ताद. भाकरी तव्यावरून उतरायच्या आत गायब. म्हणून सर्जाच्या भाकरीला मी गरम असताना मधोमध अंगठा दाबायची आणि त्या खळग्यात तेल सोडायची. खळगा दिसला की ती सर्जाची, तिला बाकीच्यांनी हात लावायचा नाही. मामाला आमची एवढीशी गोष्ट ठाऊक आहे, याचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं. बाप नसला तरी मामा आहे, असं वाटलं होतं.

आणखी एक गोष्ट झाली होती, ती मी मनावर घेतली नाही. त्याच आठवड्यात गावात जीप आली होती. आमच्या गावात जीप म्हणजे काय! कोंबड्या पळाल्या, म्हातारी माणसं उठून उभी राहिली, आणि एका म्हशीचं तर दूधच आटलं. ते परत आलं, पण जीप गेल्यावर. जीपमधून एक तरणाबांड साहेब उतरला आणि म्हणाला, "हवालदार रंगराव साहेब कौन हैं?"

साहेब! मामा शेणाचे हात घेऊन गोठ्यातून पळत आला आणि धोतरावर असा सल्यूट ठोकला की धोतराचा सोगा सुटला. पेन्शनीत आल्यापासून त्याला कुणी साहेब म्हटलं नव्हतं. गावात तो फक्त रंगूतात्या, आणि त्याच्या इटलीला पोरंसुद्धा कंटाळली होती. साहेबाशी तो ओट्यावर बराच वेळ हळू आवाजात बोलत बसला. आईनं विचारलं तर म्हणाला, "पाण्याचं झरे कुठं हायत ते इचारत व्हतं." त्या दिवसापासून तो पदकं चिंचेनं घासत बसायचा.

पहाटे मी भाकऱ्या केल्या. नाचणीच्या, टम्म फुगलेल्या. माझ्या भाकरीचा वास तीन डोंगर ओलांडून जायचा. बरं, दोन. आईनं कांदे बुक्कीनं फोडून दिले. म्हणाली, "लांबनंच बघ त्याला. हाक मारू नगो. पर वाळलाय का ते बघ. आन् मला येऊन नीट सांग."

"तू चल की."

"म्या धुक्यात काय बघू? मला परेड बघायचीया. तोवर डोळं जपते."

खिंडीत धुकं असं दाट होतं की हातानं बाजूला सारून चालावं लागत होतं. मामा पुढं, मी टोपली घेऊन मागं. त्यानं पलटणीची जुनी टोपी घातली होती. म्हसोबापुढं मी फडकं अंथरलं, भाकऱ्या ठेवल्या, वर चटणी, कांदे. मामानं स्वतः खाली वाकून वरची भाकरी सारखी केली. खळगा नीट दिसेल अशी.

"आता तू जा घरी."

"सर्जादा दिसंपातुर थांबते की."

"जा म्हनलं ना! बायामानसं दिसली तर पोरं येत न्हाईत."

मी गेले. म्हणजे वळणापर्यंत गेले आणि परत येऊन कारवीच्या झुडपात बसले. मामा धोंड्यामागं थांबलेला दिसत होता. मला वाटलं, त्यालाही भाच्याला बघायचं असेल.

थोड्या वेळानं वरच्या बाजूनं दगड घरंगळला. मग धुक्यातून एक पिठ्ठू निघाला. आधी पिठ्ठूच दिसला, खाली माणूस आहे हे नंतर कळलं. सर्जा! काळा ठिक्कर, गाल आत गेलेले, ओठ फुटलेले, एका बुटाला सुतळी बांधलेली. झाडामागून झाडामागं सरकत तो पुढं आला. मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "सर्जेराव, नको जाऊस. हितं लई सुनं सुनं वाटतंय. पाखरूबी न्हाई. खालनं ओढ्यानं जाऊ."

सर्जा थबकला. मान उंच करून त्यानं म्हसोबाकडं बघितलं. वळतच होता तो. मी सांगते, वळलाच होता. एक पाय ओढ्याच्या वाटेला लागलेला. आणि मग त्याला खळगा दिसला.

त्याचा तो फुटका ओठ असा पसरला की मला झुडपात हसू आवरेना.

"या रं," तो वळून म्हणाला. "या सगळी. आमच्या हौशीची भाकरी हाय. हितं काय भ्या न्हाय."

धुक्यातून आणखी पोरं निघाली. त्यांनी बंदुका झाडाला टेकवल्या. सर्जानं हात जोडले, खाली बसला, भाकरी उचलून आधी वास घेतला. तेवढ्यात धोंड्यामागून मामा पुढं झाला.

"मामा!" सर्जा हरखला. भाकरी फडक्यावर ठेवली, आणि पाठीवर तेवढं ओझं असताना मामाच्या पायाला हात लावायला वाकला.

तो वाकलेला असताना मामानं शिट्टी फुंकली.

अजून माझ्या कानात आहे ती. पितळी शिट्टी, जीपवाल्या साहेबानं दिलेली. कारवीतून, दगडांमागून, माझ्यापासून हातभर अंतरावरून लाल फडकी उठली. इतका वेळ माणसं तिथं होती आणि मला कळलं नव्हतं. एकानं हसत हसत झाडाच्या बंदुका गोळा केल्या. "चलो बच्चा लोग, मर गये सब."

सर्जा वाकलेलाच होता. त्याला वर उठता येईना, पिठ्ठूनं की कशानं. मग हळूच मान वर करून म्हणाला, "मामा?"

"लढाईत मामा नसतो, पोरा," मामा म्हणाला. आवाज कडक होता, पण बघत होता म्हसोबाकडं.

मी झुडपातून उठले. पळत पुढं आले. मला म्हणायचं होतं की दादा, मला ठाऊक नव्हतं. पण धाप लागली होती, आणि त्यानं मला बघितलं. फडक्यावरच्या भाकरीकडं बघितलं. परत मला.

"हौशे," तो म्हणाला, "तूबी?"

बस. एवढंच. त्यांना रांगेत उभं केलं आणि आल्या वाटेनं परत पिटाळलं. मघाचं ते पोरगं जाता जाता सर्जाला म्हणालं, "म्या म्हनलं व्हतं, ओढ्यानं जाऊ." सर्जाच्या बुटाची सुतळी सुटून मागं फरपटत होती. ती बांधायला कुणी त्याला थांबू दिलं नाही.

जीप खिंडीच्या खाली उभी होती. साहेबानं मामाच्या पाठीवर थाप मारली. "शाबास, रंगराव साहेब! आइए, आगे बैठिए." मामा पुढं बसला. कडी धरून, छाती काढून, पदकं लावून. मला म्हणाला, "बस मागं, हौशे. घरापातुर सोडत्यात."

मी चालत आले.

गावातून ती जीप मुद्दाम हळू नेली. मामानं न्यायला लावली असणार. पाटलाच्या दारापुढं तर ती जवळजवळ उभीच राहिली. लोक म्हणत होते, रंगूतात्या, झाक दिसताय! त्या एका फेरीसाठी त्यानं सर्जाला दिला. मी किती गोष्टी वाढवून सांगते, पण ही नाही. ही एवढीशीच आहे.

मी पोचले तेव्हा मामा ओट्यावर होता आणि आई उंबऱ्यात.

"दिसला का गं?" आईनं मला विचारलं. "वाळलाय?"

मी सांगायच्या आत मामाच बोलला. सगळं सांगितलं, पण असं, की ऐकणाऱ्याला वाटावं पोराला बक्षीस मिळालं. "त्याच्या भल्यासाठी केलं, यमे. आता जन्मात फसायचा न्हाय. खऱ्या लढाईत कुनी धरला असता तर?"

आईनं डोळे पुसले. "आण्णा, डाक्टर दिवाळीपातुर म्हनला व्हता."

"ते... ते माझ्या ध्यानात..." मामा खाकरला. "हुकूम व्हता गं."

"तू तर पेन्शनीत हायस. तुला कुनाचा हुकूम?"

मामानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बराच वेळ ती नीट करत बसला.

"आन् म्हसोबाचा रिवाज?" आई म्हणाली. "तूच खाल्लंयस ना तिथं? तुला आपल्या आईनं ठेवलं व्हतं. म्या गेले व्हते टोपली घिऊन."

मामा उठून गोठ्यात गेला. पुढच्या वर्षी चाल आली तेव्हा गावातल्या एकाही बाईनं म्हसोबाला नैवेद्य ठेवला नाही. ठेवला असता तरी कुणी उचलला नसता. ही गोष्ट पोरापोरांतून पार त्यांच्या बराकीपर्यंत गेली होती.

दिवाळी आली आणि गेली. हिरवं लुगडं आधी काळं दिसायला लागलं, मग आईनं ते उन्हात धरायचं सोडलं.

सर्जाची कसम-परेड शिमगा उलटल्यावर झाली. एसटीनं आम्ही तिघं गेलो, मी, आई आणि मामा. मामा सगळी पदकं लावून आला होता. पण जीपवाला साहेब बदली होऊन कुठंतरी गेला होता, आणि नवीन लोकांत मामाला कोण ओळखणार? एका शिपाई पोरानं त्याला खुर्च्यांपाशी अडवलं. "बाबा, दोरीच्या मागं थांबा." मामानं दोनदा आपलं नाव सांगितलं. त्या पोरानं दोनदा दोरी दाखवली.

परेडच्या आधी सर्जा धावत भेटायला आला. आईच्या पायाला हात लावला, मग मामाच्या. मामाच्या पायाला लावताना मात्र पूर्ण वाकला नाही. गुडघ्यात वाकला, मान वर ठेवून, डोळे मामाच्या हातांवर. आईला ते दिसलं नाही. मामाला दिसलं.

मी त्याला बाजूला घेतलं. "दादा, मला खरंच काय ठावं नव्हतं."

"ठावं हाय मला," तो म्हणाला. "मामानंच जवा पत्तर धाडलं तवा लिवलं व्हतं. तुझा काय दोष?" आणि हसला. "उस्ताद तर सगळ्या नव्या पोरांना सांगत्यात, सर्जेरावची भाकरी आठवा."

तो हसला म्हणून मीही हसले. मग मी पिशवीतून करंज्या काढल्या. त्यानं एक घेतली, हातात फिरवली, दोन्ही बाजूंनी बघितली, आणि शेजारून जाणाऱ्या पोराला दिली. "मागनं खातो," म्हणाला. त्याचं त्यालाही कळलं नसेल. बिगुल वाजला आणि तो पळाला.

मग बँड सुरू झाला. आईनं माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी पिचकली. तिचे डोळे उघडे होते, पण मैदान एकीकडं आणि ती भलतीकडंच बघत होती.

"आली का पोरं?"

"आली."

"आपला कुठला गं?"

सर्जा मधल्या रांगेत होता. त्याच्यापुढं दोन उंच पोरं. मला त्याची फक्त टोपी दिसत होती, तीही अधूनमधून.

"सगळ्यात पुढं," मी म्हणाले. "एकटा. आई, काय दिसतोय म्हणून सांगू! सगळ्यांपेक्षा हातभर उंच."

"उंच?"

"लई उंच. झेंडा त्याच्या खांद्याला लागतोय. बुटात तर तोंड दिसतंय. मोठा साहेब खुर्चीवरनं उठून उभा ऱ्हायला, खास त्याला बघायला."

मागून मामा हळूच म्हणाला, "अगं हौशे, त्यो तिकडं हाय. मधल्या रांगंत, डावीकडनं..."

"आण्णा, तू गप ऱ्हा," आई म्हणाली. मान न वळवता. "तुझं बघून झालंय. हौशे, पुढं सांग."

मैदानात पोरांनी हात पुढं केले. शपथ सुरू झाली. शेकडो आवाज एकदम, त्यात आमचा कुठला हे देवालाही कळलं नसतं. मी आईच्या कानाशी तोंड नेलं.

"आता बघ, आई. आता त्याला घोड्यावर बसवला."

आई बोटांनी माझी पिचकलेली बांगडी चाचपत होती.

"घोडं कंच्या रंगाचं हाय गं?" तिनं विचारलं.